अरुंधती दिसते का?

म्हात्रेबाई कुणाला ‘बरं आहे ना?’ असं विचारत नसत. त्या विचारत, ‘अरुंधती दिसते का?’ मी रोह्याला नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी जिन्यात गाठून मलाही हेच विचारलं. मला वाटलं, बाईंची कुणी मुलगी किंवा भाची असेल, घरातून निघून गेलेली, आणि बिचाऱ्या दिसेल त्याच्याकडे चौकशी करतायत. मी हळहळून म्हटलं, ‘नाही हो, मी नवीन आहे इथे.’ त्यावर बाई इतक्या हसल्या, की त्यांना कठड्याला धरावं लागलं.

शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मराठी. कुंडलिकेकाठच्या एकाच इमारतीत आम्ही राहत होतो. मी मधल्या मजल्यावर, त्या सगळ्यांत वर, आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. बाई एकट्याच. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची छाती कुणाची नव्हती. उंच, हाडापेराने मजबूत, काळ्यासावळ्या, आवाज असा, की मधल्या सुट्टीत पटांगणाच्या या टोकावरून त्या टोकाची मारामारी सोडवावी. मूळच्या पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. वडील मिठागरात कामाला होते. वर्गात त्या पुस्तकी भाषा बोलत, पण राग आला की तोंडातून थेट गाव बाहेर यायचं.

शिमगा होऊन गेला की दिवेलागणीनंतर सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात. चार ताऱ्यांची खाट आणि तिला तीन ताऱ्यांची वाकडी शेपटी. शेपटीतला मधला तो वसिष्ठ, आणि त्याच्या अगदी अंगाला लागून एक बारीक ठिपका, असून नसल्यासारखा. ती अरुंधती. नव्या नवरीला दाखवतात तीच. पण तिची दुसरी गोष्ट लग्नात कुणी काढत नाही. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते तो सहा महिन्यांच्या आत जातो, असं आमच्याकडे जुनी माणसं अजून मानतात. आणि म्हात्रेबाई नेमकी तीच अरुंधती शाळेतल्या पोरांचे डोळे तपासायला वापरत.

‘ज्याला दोन ठिपके दिसले तो पास. ज्याला एकच दिसला त्यानं बापाला सांगून नंबर काढून घ्यायचा. यम बिम कोणी येत नाही, चष्मेवाला येतो,’ असं त्या पोरांना गच्चीवर उभं करून सांगत. हातात बारा महिने छत्री असायची. तारे दाखवायच्या त्या छत्रीच्या टोकानेच, बोटाने कधी नाही. मी एकदा चिडवलं, ‘ताऱ्याकडे बोट केलं की बोट झडतं, असं तुमच्या गावात म्हणत असतील, म्हणून ना?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘बोट जाड असतं हो. एका बोटामागे पन्नास तारे लपतात.’ उत्तर शास्त्रीय होतं. तरी त्यांनी कधी, चुकूनसुद्धा, बोट केलं नाही हे माझ्या लक्षात राहिलं.

माणसांची वर्गवारीही त्या आभाळावरूनच करत. लुकलुकतो तो तारा आणि लुकलुकत नाही तो ग्रह, हे त्या पाचवीच्या पोरांना शिकवत आणि शिक्षकांच्या खोलीत त्याचा प्रयोग करून दाखवत. ‘आपले हेडमास्तर ग्रह. दुसऱ्याच्या उजेडावर स्थिर चमकतात,’ म्हणायच्या. हेडमास्तर दारात उभे असले तरी म्हणायच्या. मी कोण, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘तुम्ही अजून ढगात आहात, देवधरबाई. ढग गेला की सांगते.’

एकदा शाळेची सहल परतत होती. नागोठण्याच्या अलीकडे अंधार पडला आणि बसमधली पोरं ओरडायला लागली, ‘बाई, मंगळ! केवढा लाल मंगळ!’ बाईंनी बस थांबवायला लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि छत्री रोखली. ‘नीट बघा. हा भडकतोय, वाकतोय, परत उभा राहतोय. ग्रह असा भडकत नाही. हा कंपनीच्या धुराड्याचा जाळ आहे. ज्याला जाळ आणि मंगळ यातला फरक कळत नाही त्यानं माझ्या वर्गात बसू नये.’ ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला.

आणि ते लग्न तर रोह्यात अजून सांगतात. आमच्याच शाळेतून शिकून गेलेल्या मुलीचं, हॉलमधलं, भर दुपारच्या मुहूर्ताचं. गुरुजींनी सप्तपदी उरकली आणि नवरीला म्हणाले, ‘वर बघा, अरुंधती दिसते का? दिसते म्हणा.’ नवरीने वर बघितलं. दुसऱ्या रांगेतून बाईंचा आवाज आला, ‘गुरुजी, तो पंखा आहे.’ सगळा हॉल हसला. बाई मात्र तिथे थांबल्या नाहीत. वरात निघायच्या आधी, काळोख पडल्यावर, त्यांनी नवरानवरीला हॉलमागच्या अंगणात नेऊन खरी अरुंधती दाखवली. नवऱ्याला दिसली. नवरी बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, ‘एकच दिसतो, बाई.’ मागे तिच्या सासरच्या म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीने पदर तोंडाला लावला आणि ती मागे सरकली. ‘पोरीला नंबर आहे,’ बाई म्हणाल्या. ‘सोमवारी चष्मा करा.’ त्या मुलीला पुढे चष्मा लागला, दोन मुलं झाली, आणि बाजारात भेटली की बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, ‘काय गं, जिवंत ना?’

मग लक्ष्मणदादाचं झालं.

लक्ष्मणदादा आमच्या शाळेचा शिपाई, नदीपलीकडच्या वाडीवरचा. एका वर्षी पोरांबरोबर तोही गच्चीवर आला आणि त्याला अरुंधती दिसली नाही. बाईंनी स्वतः नेऊन त्याचा चष्मा करवला. दादाने तो चष्मा डबीत घालून ठेवला, पंधरा ऑगस्टला लावायला. श्रावणात संध्याकाळी बांधावरून घरी जाताना त्याचा पाय सापावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. चष्मा घरी डबीत होता.

बाई तेव्हा शिक्षकांच्या खोलीत टेबलावर मूठ आपटून म्हणाल्या, ‘ज्याला अरुंधती दिसत नाही त्याला सापही दिसत नाही. सरळ गोष्ट आहे. यात यम कुठे आला?’ बोलणं तंतोतंत बरोबर होतं. पण एकेक जण वह्या उचलून तासाला निघून गेला. पुढच्या वर्षी बाजारातला पानवाला बाईंच्या थट्टेला उत्तर म्हणून वर बघून म्हणाला, ‘नाय बा दिसत आपल्याला,’ आणि गणपतीच्या आधी झोपेत गेला. त्यानंतर रोह्यातली हवाच बदलली.

उघड कोणी काही बोलत नव्हतं. पण संध्याकाळी बाई छत्री टेकत नदीवरून यायला लागल्या की ओट्यावरच्या बायका उठून आत जायच्या. धाटावच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटून आलेली माणसं चहाच्या टपरीवर उभी असायची. बाई दिसल्या की सगळ्यांच्या माना खाली, ग्लासात. त्यांच्या तोंडून तो प्रश्न आपल्यासाठी निघू नये म्हणून. मी बाईंबरोबर चालत असले की मला ते सगळं दिसायचं. बाई मात्र सरळ समोर बघत चालत राहायच्या. मला वाटे, काय मनाची बाई आहे, लोकांकडे ढुंकून बघत नाही.

त्या चैत्रात आठवी-नववीची पोरं गच्चीवर आली. दिवसभर उकडलं होतं आणि सांजेला अवकाळीचे ढग आले. मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले होते. सप्तर्षींची सगळी बाजू झाकून गेली होती, उत्तरेला एकही चांदणी नव्हती. बाई पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभ्या होत्या आणि छत्री तिरकी वर धरलेली होती. ‘हा वसिष्ठ. आता त्याच्या शेजारी बघा. अरुंधती दिसते का?’

‘दिसते, बाई!’ पोरं एका सुरात ओरडली.

‘सगळ्यांना?’

‘सगळ्यांना, बाई! दिसते! दिसते!’ एक लहानखुरी मुलगी डोळे गच्च मिटून ओरडत होती. एकही पोर वर बघत नव्हतं. सगळी बाईंच्या तोंडाकडे बघत होती. घरून पढवून पाठवलेली, बाईंनी विचारलं की दिसते म्हणायचं.

‘शाब्बास,’ बाई म्हणाल्या. छत्रीचं टोक त्या काळ्या ढगावर तसंच स्थिर होतं.

मी हातात कपडे घेऊन उभी राहिले. पोरं भीतीने खोटं बोलतायत हे कळत होतं. पण बाई? मी मनाशी ठरवलं, त्या पोरांची परीक्षा घेतायत, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. पोरं पळत खाली गेली, मीही गेले, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

वैशाखात बाईंच्या गावाहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण शेवंता, विधवा, मूलबाळ नसलेली, कावीळ होऊन पडली होती. दवाखान्यात चल म्हटलं तर ऐकत नव्हती. बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी मला आईची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच.

त्यांची आईही काविळीनेच गेली होती. अंगणात खाटेवर पडलेली असताना गावच्या म्हाताऱ्यांनी तिला विचारलं, ‘अरुंधती दिसते का गो?’ ती म्हणाली, नाय. त्या दिवसापासून औषध थांबलं. पेणला न्यायला बैलगाडी जुंपलेली होती, तीही सोडली. बोलावणं आलंय तर कशाला हाल करायचे, असं सगळ्यांचं ठरलं. भादव्यात आई गेली. ‘आणि आई सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची हो,’ बाई म्हणाल्या. ‘रोज. तिला जवळचंसुद्धा दिसत नव्हतं. ते एकालाही आठवलं नाही. मी होते तिथे, मला आठवलं होतं. पण लहान पोरीचं कोण ऐकतं?’ एवढा मोठा आवाज असलेली बाई, हे सगळं पुटपुटल्यासारखं बोलली. मला रडू आलं, त्यांना नाही.

आम्ही लगेच एसटी धरली. मी कशाला गेले? त्यांनी म्हटलं, ‘चला बरोबर,’ आणि त्यांनी याआधी कधी कुणाला असं म्हटलं नव्हतं, म्हणून. नागोठण्याला दिवस मावळला. बाई खिडकीशी होत्या. काच सरकवून बाहेर बघत त्या म्हणाल्या, ‘मंगळ काय लाल झालाय आज. आणि किती खाली.’

मी बाहेर बघितलं. तो कंपनीच्या धुराड्याचा जाळ होता, भडकत होता, वाकत होता. मी हसायला तोंड उघडलं, कारण ही थट्टाच असणार. बाईंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी तोंड मिटलं आणि पुढे वाकून काच लावून घेतली.

पेणहून रिक्षाने गावात पोचलो. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारीच्या बांधाला लागून घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात खाट. खाटेवर शेवंता. कंदिलाच्या उजेडातसुद्धा तिचे डोळे हळदीसारखे दिसत होते. भोवती पाच-सहा बायका बसल्या होत्या. त्या बोलत नव्हत्या, रडत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या, वाट बघत असल्यासारख्या. खाडीचं पाणी चढत होतं त्याचा चुळचुळ आवाज तेवढा येत होता.

‘ऊठ,’ बाई म्हणाल्या. ‘रिक्षा उभी आहे.’

‘नको गो ताय. परवा बघली मी. मना नाय दिसत ती. आयला नव्हती दिसत, तशी.’

‘आईचे डोळे वाईट होते.’

‘व्हय. तुजं शालंतलं शास्तर.’ शेवंताने कूस वळवली. ‘तुना दिसते, तू बोलशील.’

बायकांपैकी एकीने मान हलवली. मला वाटलं, संपलं आता. बाई नेहमीप्रमाणे चढ्या आवाजात भांडतील आणि इथे काही उपयोग होणार नाही. बाई खाली वाकल्या आणि बहिणीच्या कानाशी नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असं, गावाच्या बोलीत म्हणाल्या, ‘मना पण नाय दिसत गो. लय वर्सं झाली. हाय ना मी?’

‘खोटं बोलतंस. माज्यासाठी बोलतंस. रोज पोरांना कोन दावतं मग?’

‘जागा पाठ हाय मना. तुना नाय पाठ तुज्या घराची वाट?’

‘दाव मग. कुटं हाय?’

बाईंनी छत्री उचलली. अंगणातल्या माडाच्या शेंड्याच्या वर, थोडं डावीकडे, तिरकी नेली आणि थांबवली. ‘ही खाट. ही शेपटी. मधला वसिष्ठ. त्याच्या अंगाला ती.’

सगळ्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. खाडीवरून आलेल्या ढगाने तो सगळा कोपरा भरून गेला होता. माडाचा शेंडासुद्धा धड दिसत नव्हता. छत्री वर होती, हात जराही हलत नव्हता, आणि बाईंचा चेहरा असा, की समोर लख्ख चांदणं पसरलंय.

‘बाय,’ एक म्हातारी हळूच म्हणाली, ‘तिथं तर ढग हाय. सगला ढग.’

छत्री तशीच राहिली. मग सावकाश खाली आली.

‘ढग हाय व्हय?’ बाई म्हणाल्या. आणि बहिणीकडे वळून, ‘बघ शेवंता. मना ढगसुदीक दिसत नाय. आन मी हाय. उबी हाय तुज्यापुढं.’

 गच्चीवरची संध्याकाळ मला आठवली, आणि त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या, ज्यांत बाई माणसांकडे ढुंकून न बघता सरळ चालत गेल्या होत्या. शेवंता कोपरावर उठून बसली. बहिणीच्या तोंडाकडे ती बराच वेळ बघत होती. मग तिने पाय खाली सोडले. उभी राहताना झोक गेला तेव्हा वाटलं, बाई तिला धरतील. पण शेवंतानेच बाईंचा हात धरला. ‘चल,’ ती म्हणाली. ‘तूच पडशील बांदावरून.’ काविळीने पिवळी झालेली ती बाई म्हात्रेबाईंना हाताला धरून रिक्षापर्यंत घेऊन गेली.

शेवंता वाचली. पेणच्या दवाखान्यात ती पडून असताना, एका सकाळी बाकावर बसलेल्या बाईंना मी न राहवून विचारलं, ‘साऱ्या गावाच्या पोरांना नंबर काढायला पाठवलंत. तुम्ही का गेला नाहीत?’

बाई छत्रीची मूठ चोळत राहिल्या. ‘गेले असते हो. पण डॉक्टर म्हणाला असता, डोळ्यांत काही दोष नाही, तर?’

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले.

‘न जाता म्हणता येतं, डोळेच वाईट,’ त्या म्हणाल्या. ‘दर सहा महिन्यांनी मी मनात म्हणायची, टळलं. पुन्हा मोजायला लागायची. शास्त्र शिकवायचं आणि मोजायचं. तुम्हाला सांगते, भीती वाटायची मला. फार भीती वाटायची.’

पुढे शेवंतानेच मागे लागून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. ते ऐकून बाई दवाखान्यातच इतक्या मोठ्याने हसल्या, की बाकीच्या पेशंटना वाटलं, यांना काहीतरी बक्षीस लागलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नोकरी संपल्यावर त्या बहिणीकडे राहायला गेल्या.

बाई आता नाहीत. त्या कधी गेल्या ते मी मुद्दाम लिहीत नाही. लोक लगेच बोटांवर महिने मोजायला बसतात, आणि मलाही ते मोजायचे नाहीत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच अंगणात, चैत्रात, दिवेलागण होऊन गेल्यावर. दोघी बहिणी दोन खाटांवर बसल्या होत्या. शेवंता अंगाने भरली होती. ती कौतुकाने सांगायला लागली, ‘ताय आता पेपर वाचते. सुईत दोरा बी तीच ओवते.’

‘मग अरुंधती?’ मी हसत विचारलं. ‘आता दिसत असेल.’

‘वसिष्ठ दिसतो,’ बाई म्हणाल्या. ‘अगदी स्वच्छ. शेजारी काही नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे काय? डॉक्टरला विचारलं. तो म्हणतो, डोळे उत्तम आहेत.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मजेत असल्यासारखा. ‘शेवंता, चहा टाक गो.’

शेवंता आत गेली. कंदील तिने बरोबर नेला. खाडीचं पाणी चुळचुळत होतं आणि दूर दक्षिणेकडे कंपनीचा तो जाळ वर-खाली होत होता. बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पांढरे केस आणि मांडीवर आडवी छत्री. त्या म्हणाल्या, ‘आणि तुम्हाला, देवधरबाई? अरुंधती दिसते का?’

आभाळात एकही ढग नव्हता. नुसती मान वर करायची होती.

‘दिसते,’ मी म्हणाले. मी वर बघितलं नव्हतं.

‘शाब्बास,’ अंधारातून बाई म्हणाल्या.